नॅनो औषध म्हणजे केमोच आहे, त्याच्या नावाखाली केमो सोडू नका

गेल्या पंधरा दिवसांत आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत एक मेसेज इतका फिरलाय की मला तो चौघांनी वेगवेगळा पाठवला. थोडक्यात असा, की आता नॅनो पार्टिकलमध्ये औषध भरून सोडतात, ते थेट कॅन्सरच्या गाठीवरच जातं, बाकी शरीराला काही होत नाही, म्हणून केमोची गरजच उरली नाही, डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत, आणि घरच्या घरी करायचं तर नॅनो हळदीचे थेंब आहेत. बी विंगमधल्या काकांनी हे वाचून तिसऱ्या केमोनंतर पुढची तारीखच घेतली नाही. म्हणून लिहायला बसले. माझ्या मावशीला हेच नॅनो औषध सहा वेळा लावलंय आणि सहाही वेळा मी तिच्या बेडजवळ बसलेय.

डॉक्टर लपवतात म्हणे. काय लपवणार, हे औषध नवीन नाहीच. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं जुनं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून केलेलं इंजेक्शन अमेरिकेत १९९५ सालीच मंजूर झालं. अल्ब्युमिन प्रोटीनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे केमोचंच दुसरं औषध, २००५ साली. लायपोसोमवालं भारतातही बनतं, २०१२ मध्ये अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा त्यांनी सन फार्माचं मागवून घेतलं होतं. मावशीला अंडाशयाचा कॅन्सर, परत उलटलेला, तिच्या फाइलवर 'लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन' सरळ लिहिलेलं होतं आणि वर मोठ्या अक्षरात केमोथेरपी. आत औषध तेच असतं हो, फक्त पॅकिंग बदललेलं.

आता 'थेट गाठीवर' बद्दल, कारण लोक फसतात ते इथेच. यात थोडं खरं आहे. गाठ घाईघाईत वाढते, तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, भिंतीत फटी राहतात, तिथून शंभरएक नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा कण आत झिरपू शकतो आणि चांगल्या रक्तवाहिनीतून तेवढा सहज झिरपत नाही. जपानी संशोधकांनी हे १९८६ मध्ये दाखवलं. पण त्या कणाला गाठीचा पत्ता ठाऊक नसतो, तो रक्ताबरोबर अख्ख्या अंगात फिरतो, आणि लिव्हर आणि प्लीहा त्यातले भरपूर कण वाटेतच पकडून ठेवतात कारण बाहेरचे कण गाळणं हे त्यांचं कामच आहे. २०१६ मध्ये संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे, बहुतेक उंदरांवरचे प्रयोग एकत्र तपासले तर गाठीपर्यंत पोचणाऱ्या डोसचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, निघाला ०.७ टक्के. म्हणजे शंभरातला एकही धड नाही. माणसात तर प्रत्येकाची गाठ वेगळी, एकाच पेशंटच्या दोन गाठीसुद्धा सारख्या नसतात.

मग वापरतात कशाला? कारण औषध कुठे जात नाही यालाही किंमत आहे. साध्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला इजा होऊ शकते, लायपोसोममध्ये बंद असलं की तो धोका बराच कमी होतो. आणि २०१७ मध्ये एक लायपोसोम मंजूर झालं ज्यात रक्ताच्या एका कॅन्सरची दोन औषधं ठरलेल्या प्रमाणात एकत्र भरलेली आहेत, ६० ते ७५ वयाच्या पेशंटमध्ये त्याने जगण्याचा मध्यक सुमारे ६ महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांवर गेला. तिथे तर नेम धरायला गाठच नाही! हा फायदा खरा आहे, मोठा आहे, पण मेसेजमधल्या जादूसारखा नाही.

साइड इफेक्ट नाहीत हे वाचून मात्र मला मावशीचे हात आठवले. दुसऱ्या डोसनंतर तळवे लाल, मग सोलायला लागले. लालसर ड्रिप चालू असताना हातात बर्फाच्या पिशव्या, घरी गरम पाणी बंद, घट्ट चपला बंद. रोज बाजरीची भाकरी थापणारी बाई, तिला पिठाला हात लावता येईना, परातीजवळ बसून मला सांगायची, कडा दाब, मध्ये जाड राहतेय. केस तेवढे गेले नाहीत हे खरं. पण अल्ब्युमिनवाल्या पॅक्लिटॅक्सेलने केस जातात आणि हातापायाला मुंग्याही येतात, त्यामुळे 'नॅनो म्हणजे केस राहतात' हेही सरसकट धरू नका.

त्या मेसेजसोबत रक्तात रोबो पोहतो असा व्हिडिओ आहे, ते ॲनिमेशन आहे. घडी घातलेल्या डीएनएचे 'रोबो' २०१८ मध्ये उंदरांवर वापरले होते, बस.

राहिली नॅनो हळद. कण बारीक केला म्हणून तो कॅन्सर शोधत जात नाही. कॅन्सरवरचं औषध म्हणून नॅनो कर्क्युमिनला, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या बारीक कणांना, अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी नाही, आणि केमो चालू असताना असलं काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच, कारण लिव्हरमध्ये एक औषध दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू शकतं. आमटीतल्या हळदीबद्दल बोलत नाहीये मी, बाटलीतल्या महागड्या थेंबांबद्दल बोलतेय.

काल रात्री काकांकडे मावशीची फाइल घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून 'लायपोसोमल' शब्दावर बोट ठेवलं, वरचा 'केमोथेरपी' शब्द दोनदा वाचला आणि काकूंना म्हणाले, खारघरच्या हॉस्पिटलला फोन लाव. सोमवारची तारीख मिळालीये. सकाळच्या पनवेल लोकलने मी त्यांच्यासोबत जातेय, थेंबांची बाटलीही पिशवीत घेतलीये, डॉक्टरांना दाखवायला.