वारा येऊन राहिला का बे?

नागपूरकराच्या आयुष्यातला खात्रीचा वारा एकच, कुलरचा. त्याला वेग तीन, दिशा एक, आणि टाकीतलं पाणी संपलं की तोही तापतो. एवढ्या शिदोरीवर आम्ही पाच मित्र फेब्रुवारी-मार्चात विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायला, गोव्याला जातो. "अंबाझरी आहे, रामटेकजवळ खिंडसी आहे, मग पाण्यासाठी एवढ्या लांब काहून?" हा प्रश्न निघताना पाचही घरांत विचारला जातो. पाण्यासाठी नव्हेच, वाऱ्यासाठी. किनाऱ्यावर दुपारी जमीन समुद्राआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरून गार हवा येते. गोव्यात या दिवसांत ती जेवणाच्या सुमारास वायव्येकडून सुरू होते, चांगल्या दिवशी १०-१२ नॉटपर्यंत चढते आणि सूर्य कलला की बसते. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. जमीन तापण्यात आपण कुणाला हार जाणार नाही, पण नागपूरच्या झिरो माईलच्या खांबापासून कुठेही निघा, साडेपाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. आपली तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी शेजारच्या गावची तापलेली हवा येते.

घरी पटवायला दुसरा मुद्दा ठेवावा: हा खेळ १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. पाचांपैकी तिघांची पोटं बघून त्यावर कुणी काही बोलत नाही, ती गोष्ट वेगळी.

बोर्ड लिटरमध्ये मोजतात. शिकाऊ माणसाने आपल्या किलोंमध्ये शंभर मिळवावेत, तेवढ्या लिटरचा बोर्ड घ्यावा. इथे मित्रमंडळी वजन खोटं सांगतात आणि मग बोर्ड घोटाभर पाण्यात बसून ते खरं सांगतो. गाडीच्या कॅरिअरवर बोर्ड पालथा ठेवायचा, फिन म्हणजे तळाचं पातं काढून. पट्टा सपाट ओढला तर बुटीबोरी ओलांडली की तो वाऱ्याने थरथरतो आणि डोक्यावर तंबोरा लागतो. त्याला एकच पीळ द्यावा, आवाज बंद. पाचांपैकी एकाला हे दरवर्षी माहीत असतं आणि तो दरवर्षी यवतमाळपर्यंत झोपलेला असतो.

शिडाला सगळे सेल म्हणतात. घरात सेल म्हटलं की लोक बर्डीच्या बाजारात जायला चपला घालतात, म्हणून मी शीडच म्हणतो. शिकायला ४-५ चौरस मीटरचं पुरे. मास्टचे, म्हणजे शिडाच्या उभ्या काठीचे, दोन तुकडे असतात. जोडण्याआधी दोन्ही तोंडं ओल्या फडक्याने पुसायची आणि सांध्यावर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी गुंडाळायची, कारण आत वाळूचा एक कण गेला तर संध्याकाळी दोन माणसं दोन टोकांना धरून रस्सीखेच खेळतात. मग मास्ट शिडाच्या बाहीत सरकवायचा, उशीत अभ्रा घालावा तसा, फक्त अभ्रा चार मीटरचा.

खरी परीक्षा खालच्या दोरीची, डाउनहॉलची. शिडाच्या तळच्या कप्प्या आणि मास्टखालच्या कप्प्या यांतून ती आळीपाळीने ओवायची; एक फेरा जरी दुसऱ्यावर चढला तरी घर्षणाने अर्धी ताकद तिथेच जाते. दोरीचं टोक स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला गुंडाळायचं, मास्टच्या बुडाला पाय लावायचा आणि मागे झुकून ओढायचं. हाताच्या जोरावर ओढणाऱ्याचे तळवे सोलतात. शिडाच्या वरच्या दोन बॅटनमधलं, म्हणजे त्यातल्या आडव्या पट्ट्यांमधलं, कापड सैल पडेपर्यंत, बहुतेक शिडांवर छापलेल्या खुणेपर्यंत, ओढत राहायचं. आमच्याकडे ओढणारा जरा आधीच "झालं बे" म्हणतो. कापड छान तंग दिसतं, फोटोही बरा येतो. पण पाण्यावर वारा वाढला की शिडाचं पोट मागे सरकतं, मागचा हात ओढला जातो आणि माणूस वाऱ्याला शिव्या घालतो. बूमच्या, म्हणजे हातात धरायच्या आडव्या दांड्याच्या, टोकाची दोरी मात्र दोन-तीन सेंटिमीटरच ओढायची; तिथे मात्र सगळे भीम.

हे सगळं होईस्तोवर एक वाजतो आणि भूक लागते. वारा नेमका ताट वाढल्यावर येतो. तो रोज याच वेळी येतो हे ठाऊक असून दोघं नंतर वामकुक्षीला जातात.

पाण्यातलं शीड उचलताना वारा पाठीवर घ्यायचा, पावलं मास्टच्या दोन्ही बाजूंना, गुडघे वाकलेले, पाठ ताठ. शीड उचलायची दोरी थोडी ताणून थांबायचं, शिडावरचं पाणी ओघळू द्यायचं. पाण्यासकट उपसायला गेलात तर रात्री गरम पाण्याची पिशवी लागते. शीड उभं राहिलं की शिकाऊ माणूस आनंदाने वाऱ्याबरोबर वाहत जातो, कारण वारा येतो त्या दिशेला चढत जाणं त्याला येत नसतं. मग कमरेएवढ्या पाण्यातून बोर्ड ओढत परतीची वरात. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे असेल तर ही वरातही नशिबात नाही; त्या दिवशी आम्ही पाण्यात उतरत नाही. आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहायला लागायचं नाही, तरंगणारी वस्तू तीच.

फॉइल, म्हणजे बोर्डाला पाण्याच्या वर उचलणारा पाण्याखालचा पंख, हा याचा पुढच्या इयत्तेतला छळ. बोर्डाखाली सुमारे ८५ सेंटिमीटरचा दांडा, त्याला आडवी नळी, पुढे मोठा पंख, मागे छोटा. शिकायला पुढचा पंख १७०० ते २००० चौरस सेंटिमीटरचा घ्यावा, तो कमी वेगातही उचलतो. पाणी छातीच्या वर हवं, नाहीतर पंख वाळूत रुततो आणि स्वार पुढे जातो. हेल्मेट, जॅकेट घालायचं आणि पडताना पंखापासून लांब पडायचं. बोर्ड उचलला गेला की वजन पुढच्या पायावर टाकायचं. पण घाबरलेला माणूस मागेच रेलतो. बोर्ड आणखी चढतो, पंख पाण्याबाहेर डोकावतो, त्यात हवा शिरते आणि उचल एका क्षणात संपते. आकाशपाळणा वर गेल्यावर लाइट जावी, तसं.

शेवटच्या दिवशी गोड पाण्याने धुवायचं, फॉइल पूर्ण सुटं करायचं. दांडा ॲल्युमिनियमचा, स्क्रू स्टीलचे. मध्ये खारं पाणी राहिलं की दोन धातूंची बॅटरी बनते, ॲल्युमिनियम झिजतं आणि स्क्रू जाम होतो. जोडतानाच स्क्रूला मरीन ग्रीस लावलं तर हे टळतं. ग्रीसची डबी पाचांनी एकमेकांवर सोपवलेली असते. नागपुरात तो स्क्रू चांदणीच्या खाचेचा, त्यात कुणीतरी षट्कोनी पाना फिरवतो, खाच गोल होते. पुढचं काम ड्रिल मशीनवाल्याचं.

शीड गच्चीवर वाळवताना पारदर्शक भाग सावलीत ठेवावा, उन्हाने तो ठिसूळ होतो. हे सांगून मी खाली जातो. तासाभराने वर येतो तेव्हा पाच चौरस मीटर, स्वच्छ धुतलेलं, तिन्ही कोपऱ्यांवर विटा ठेवून नीट ताणलेलं, भर उन्हात, आणि त्यावर आईच्या कुरडया. खालची दोरी मी कधी एवढी तंग ओढली नव्हती.