सुंग जियाओरेन वाचला असता तरी

अलीकडे एक दावा बराच फिरतोय. मार्च १९१३ मध्ये शांघाय स्टेशनवर कुओमिंतांग पक्षाचा नेता सुंग जियाओरेनला गोळी लागली नसती, तर चीनमध्ये स्थिर संसदीय लोकशाही आली असती. मग ना लष्करशहा, ना जपानची दादागिरी.

म्हणे, नुकत्याच झालेल्या संसदेच्या निवडणुकीत कुओमिंतांगला जनतेचा कौल होता. पक्ष सर्वात मोठा ठरला हे खरं, पण कनिष्ठ सभागृहात ५९६ पैकी २६९ जागा म्हणजे बहुमत नव्हे. मतदार कोण? मालमत्ता, कर किंवा शिक्षणाची अट पुरी करणारे पुरुष, लोकसंख्येच्या जेमतेम दहा टक्के. पाच गटांची मोट बांधून पक्ष झाला तो ऑगस्ट १९१२ मध्ये, आणि त्यासाठी स्त्री-पुरुष समानतेचं कलम गाळलं गेलं. तेव्हा स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या तांग छुनयिंगने भर सभेत सुंगच्या थोबाडीत लगावली होती. (हा प्रसंग त्याच्या चाहत्यांच्या लेखांत सहसा येत नाही.)

जपानचं म्हणाल, तर जानेवारी १९१५ मध्ये त्याने चीनपुढे ठेवलेल्या एकवीस मागण्या आल्या त्या युरोप महायुद्धात गुंतला म्हणून. बीजिंगमध्ये कोण बसलंय याने त्यात फारसा फरक पडला नसता.

मुख्य अडचण तिजोरीची. सीमाशुल्काचा पैसा कर्जफेडीसाठी परक्या बँकांकडे जात होता, प्रांत केंद्राला फारसं काही पाठवत नव्हते. एप्रिल १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईने संसदेला न विचारता परक्या बँकांकडून अडीच कोटी पौंडांचं कर्ज काढलं, मीठकर तारण ठेवून. त्यावर देखरेखीला आला रिचर्ड डेन, आपल्याकडच्या ब्रिटिश मीठखात्यातला जुना अधिकारी. सुंग पंतप्रधान झाला असता, तरी त्यालाही दार ठोठवावं लागलं असतं ते याच बँकांचं.

आणि 'युआनच आडवा आला' याबद्दल कल्पना लढवायची गरज नाही. तो ६ जून १९१६ ला वारला. दोन महिन्यांत जुनी संसद पुन्हा भरली, १९१२ ची हंगामी राज्यघटना परत लागू झाली, नवा राष्ट्राध्यक्ष ली युआनहोंग तर सौम्य स्वभावाचा. तरी वर्षभरात सगळं कोसळलं. जर्मनीविरुद्ध युद्धात उतरावं का, यावरून लीने पंतप्रधान दुआन छीरुईला काढलं; लगेच प्रांतांतले लष्करी सुभेदार फुटून निघाले. समेटासाठी लीने बोलावलं सेनानी झांग शुनला, ज्याचे शिपाई अजून मांचू पद्धतीची वेणी राखून होते. त्याने आधी संसद बरखास्त करायला लावली आणि १ जुलै १९१७ ला मांचू घराण्याचा पदच्युत सम्राट पुयीला पुन्हा गादीवर बसवलं. ते नाटक बारा दिवसांत आटोपलं, तेही दुआनच्या फौजेने बीजिंग घेतल्यावर. सुंगने अशी फौज कुठून आणली असती, ते दावा करणाऱ्यांनी सांगावं.