हद्दीचे दगड

भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे भूकरमापक म्हणून काढलेल्या वडिलांना अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले चिप्पेवा राष्ट्रीय वन दाखवायला नेणे ही घोडचूक होती, हे मला कास लेक गावात शिरतानाच उमगले. या चिमुकल्या गावात वनाचे मुख्यालय आहे आणि लीच लेकच्या ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या सरकारचेही. जमातीच्या राखीव प्रदेशाचा मोठा भाग वनाच्या सीमेतच येतो, असे मी सांगितले मात्र, अण्णांनी गाडी थांबवायला लावली.

"मग सातबारा कोणाच्या नावावर?"

१८५५ च्या तहाने हा प्रदेश ओजिब्वेंसाठी राखला गेला. पुढे त्याचे तुकडे पडले. १९०८ मध्ये राष्ट्रीय वन झाले. १९४० आणि १९५० च्या दशकांत आणखी काही जमीन जमातीच्या संमतीशिवाय वनखात्याकडे गेली आणि त्यांपैकी ११,७६० एकर परत देण्याचा कायदा २०२० मध्ये झाला, हे सगळे मी एका दमात सांगितले. "सत्तर वर्षांत निकाल?" अण्णा म्हणाले. "लवकर उरकलं म्हणायचं." चिप्पेवा आणि ओजिब्वे ही एकाच नावाची दोन रूपे आहेत, हे कळल्यावर 'उर्फ' लावल्याखेरीज नोंद मंजूर होणार नाही, असाही शेरा त्यांनी मारला. मग ते हद्दीचे दगड शोधायला रस्त्याकडेच्या गवतात उतरले, तेव्हा डासांनी त्यांच्या टकलाची तातडीची मोजणी सुरू केली.

त्यांना शांत करण्यासाठी मी वनातल्या 'लॉस्ट फॉर्टी' नावाच्या जुन्या रानात नेले आणि तेथे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. १८८२ मध्ये मोजणीदारांनी हे पाइनचे जंगल नकाशावर चुकून कॉडिंग्टन तलावात दाखवले. पाण्यात झाडे कोण तोडणार? लाकूडतोड कंपन्या फिरकल्या नाहीत, म्हणून १४४ एकरांवरचे ते रान वाचले. इतकी ढोबळ चूक ऐकून अण्णा संतापतील या धास्तीने मी डास पळवायच्या औषधाची बाटली पुढे केली. परंतु ते एका लाल पाइनला हात लावून उभे होते. तीनशे वर्षांच्या त्या खोडाची तांबूस पापुद्र्यासारखी साल त्यांच्या बोटांना लागून सुटली.

परतीच्या वाटेवर बराच वेळ ते गप्प होते.

"एकोणऐंशी साली," शेवटी ते हळूच म्हणाले, "एका गावात माझ्याकडून आमराईवर ओढा दाखवला गेला होता. तुझ्या आईला सांगू नकोस. परत गेलो की बघून येईन म्हणतो."