वेम्बलीच्या तिकिटांविषयीच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दांडिया बाजारातील प्रवास कार्यालयाला ऑनलाइन अभिप्रायात पाचपैकी एकच तारा देऊन आपण लिहिले आहे की, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झालेल्या, इंग्लंडच्या फुटबॉलमधील २०२४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्याची दोन तिकिटे आम्ही, आपली वाटेल तेवढे पैसे मोजायची तयारी असूनही, मिळवून दिली नाहीत. उलट चिरंजीवांनी मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी कुठेही घालून बसू नये असे सुनावले. आणि शेवटी लंडनला जाऊनही त्यांना तो सामना वेम्बलीतल्या मावशींच्या घरी टीव्हीवर पाहावा लागला. २५ मे रोजी युनायटेडने मँचेस्टर सिटीला २-१ असे हरवले. ज्या मुलाने या संघावर इतका जीव लावला आहे, त्याला तो दिवस स्टेडियमच्या कमानीखाली राहूनही मैदानात अनुभवता आला नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. तरीही नकार देण्याचा आमचा निर्णय योग्य होता, आणि हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या इतर बडोदेकरांनाही उपयोग व्हावा म्हणून त्याची कारणे येथे सविस्तर देत आहे.

आपण चौकशीला आलात ते फेब्रुवारीत, म्हणजे अंतिम सामना कोणा दोघांत होणार हेच ठरायचे होते तेव्हा. पुढे २१ एप्रिलच्या उपांत्य सामन्यात युनायटेडने कॉव्हेंट्रीविरुद्धची ३-० ची आघाडी घालवली, जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी कॉव्हेंट्रीने केलेला गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, ऑफसाइड म्हणून रद्द ठरवला, आणि मग पेनल्टींवर युनायटेडची सुटका झाली. तो गोल मान्य झाला असता, तर युनायटेडच्या चाहत्यांना मिळालेला तिकिटांचा सगळा वाटा कॉव्हेंट्रीकडे गेला असता. कारण वेम्बलीच्या ९०,००० जागांपैकी बहुतेक जागा अंतिम फेरीतल्या दोन क्लबांकडे जातात, आणि क्लब त्या आपल्या सीझन तिकीटधारकांना व सभासदांना देतात. त्यातही वर्षानुवर्षे संघाच्या मागे गावोगाव फिरलेल्यांचा हक्क आधी मानला जातो. उरलेल्या जागा फुटबॉल संघटनेशी संबंधित मंडळी, स्टेडियमच्या मधल्या मजल्यावरच्या जागांचे सभासद आणि अधिकृत हॉस्पिटॅलिटी (खानपानासह विकली जाणारी महागडी तिकिटे) यांच्यासाठी असतात. हॉस्पिटॅलिटीचा दर आम्ही आपल्याला लेखी कळवला होता, तो आपल्याला परवडण्याजोगा वाटला नाही. त्याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही.

मग आपण मोबाइलवर एका पुनर्विक्रीच्या संकेतस्थळाचे पान दाखवलेत. त्यावर ‘गोलच्या मागे’ एवढेच लिहिले होते. गोल कोणत्या टोकाचा, ब्लॉक कोणता, रांग कोणती, यांतले काही नव्हते. आणि तळाशी बारीक अक्षरांत, तिकीट सामन्याच्या काही तास आधी फोनवर पाठवले जाईल, अशी अट होती. मूळ तिकीट कोणा सभासदाच्या नावे निघाले आहे याचा पत्ता नाही, आणि असे तिकीट उघडकीस आले तर क्लब ते रद्द करू शकतो. फाटकावर मुलाचा हात धरून उभे असलेल्या वडिलांना तिथून परत फिरावे लागेल, हे दिसत असताना त्यावर कमिशन घेणे आम्हाला शक्य नव्हते.

याहून मोठे कारण कायद्याचे आहे. आपण म्हणता, नवरात्रात गरब्याचा पास शेवटच्या रात्रीही जादा पैसे देऊन मिळतो, मग हे तिकीट का मिळू नये. गरब्याच्या मैदानात आपल्या शेजारी कोण फेर धरतो याने काही बिघडत नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मात्र कोण कोणाशेजारी बसतो यावरच बंदोबस्ताची सगळी मांडणी उभी असते. तेथील १९९४ च्या फौजदारी कायद्याच्या कलम १६६ नुसार अशा सामन्याचे तिकीट अधिकाराविना विकणे, किंवा विकायला काढणे हादेखील, गुन्हा आहे. संगीताच्या कार्यक्रमाच्या किंवा क्रिकेटच्या तिकिटाला तो नियम लागू नाही, म्हणून पूर्वी क्रिकेटच्या वेळी आम्ही केलेली मदत येथे करता आली नाही. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये एफए कपच्याच उपांत्य सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ माणसे गेली. त्यात प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे २०१६ मध्ये ज्युरीने स्पष्टपणे सांगितले आहे, आणि तिकिटांविषयी बोलताना तेवढे तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे मला वाटते. त्या घटनेनंतर स्टेडियममधील सुरक्षेचा मुळापासून विचार झाला, आणि काळाबाजारातल्या तिकिटांमुळे विरोधी चाहते एकमेकांत मिसळतात, हा मुद्दाही त्यात आला.

जर्सीविषयीचा सल्लाही याच कारणाने दिला होता. ‘गोलच्या मागे’ म्हणजे सिटीचे टोक निघाले असते, तर आकाशी निळ्या गर्दीत लाल जर्सी घालून बसलेल्या मुलाला कर्मचाऱ्यांनी बाहेर काढले असते. तसा अधिकार त्यांना असतो. आणि बाहेर काढले नसते, तरी युनायटेडच्या दोन्ही गोलांना तोंडातून शब्दही न काढता बसून राहणे त्या वयाच्या मुलाला कसे जमणार? या दोन क्लबांमधले वैर एकाच शहरातल्या शेजाऱ्यांचे आहे, घराघरांत मुरलेले आहे, आणि म्हणूनच ते इतके रंगते. त्याचा आनंद आपल्या माणसांत बसूनच घ्यायचा असतो. चिरंजीवांना चुकीच्या टोकाला नेऊन बसवण्यापेक्षा आपली नाराजी पत्करणे आम्हाला बरे वाटले.

शुल्काबाबत एवढेच, की आपल्याकडून घेतलेली रक्कम व्हिसा अर्ज आणि विमानाच्या आरक्षणाची होती. तिकिटापोटी काहीही घेतलेले नाही, आणि पावतीवर तसा उल्लेख आहे.

चिरंजीवांना पुन्हा न्यायचे असेल, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी युनायटेडचे अधिकृत सभासदत्व त्यांच्याच नावे घ्यावे आणि अंतिम सामन्याऐवजी एफए कपच्या जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीचा, युनायटेडच्या घरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरचा सामना धरावा. कोणाचा सामना कोणाशी व कुठे हे ठरवणाऱ्या सोडतीत युनायटेडला घरचे मैदान मिळाले, तर सभासदाला तिथले तिकीट मिळण्याची शक्यता पुष्कळच अधिक असते. सोडत डिसेंबरच्या सुरुवातीला निघते, त्यामुळे व्हिसाचे कागद त्याआधी तयार हवेत. सभासदत्वाचा अर्ज भरून देण्याचे आम्ही शुल्क घेत नाही. येताना चिरंजीवांना सोबत आणावे.