मातीसचं उलटं चित्र आणि दाजींचा फॉरवर्ड

भाचीने बी.एफ.ए.च्या सीईटीचा फॉर्म भरला आणि त्याच संध्याकाळी दाजींनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. तुम्हालाही आलाच असेल. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसचं चित्र 47 दिवस उलटं टांगलेलं होतं. लाखभर लोकांनी पाहिलं, कुणालाच कळलं नाही. खुद्द मातीस बघून गेला, त्यालाही नाही. म्हातारपणी हात चालेना म्हणून तो कागद कापून चिकटवायचा. आणि आधुनिक चित्रकलेचं हे सगळं थोतांड सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या पैशावर उभं राहिलं. खाली तळटीप : 'मुलांना चित्रकलेला घालण्याआधी विचार करा.'

आधी मातीसच्या भेटीचं बघू. प्रदर्शन 1961 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरातलं. मातीस वारला नोव्हेंबर 1954 मध्ये. मेल्यानंतर तो खरंच येऊन गेला असता तर उलट्या चित्राची बातमी कुणी छापलीच नसती. त्याचा मुलगा पिएर, जो स्वतः चित्रांचा व्यापारी होता, त्याच्याही ते लक्षात आलं नाही असं सांगतात. त्याच्या जागी कुणीतरी बापाला उभं केलेलं दिसतंय.

चित्र उलटं होतं हे मात्र खरं. पण 'कुणालाच कळलं नाही', तर मग आपल्याला कसं कळलं? न्यूयॉर्क टाइम्सच्या 5 डिसेंबर 1961 च्या अंकात बातमी आहे. शेअरबाजारात काम करणाऱ्या एका बाईंच्या ते ध्यानात आलं. चित्रात शिडाची होडी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब आहे. बाईंचा तर्क असा, की ठळक, गुंतागुंतीचा आकार खाली आणि साधा वर असं मातीस करणार नाही. त्यांनी कॅटलॉग घेऊन ताडून पाहिलं, तर त्यांचंच बरोबर. रखवालदाराने दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी टाइम्सला कळवलं आणि मग चित्र सरळ झालं. म्हणजे या चित्राला वर-खाली होतं, आणि नीट बघणाऱ्या, चित्रकार नसलेल्या बाईला ते नुसत्या नजरेने ओळखता आलं. फॉरवर्डवाल्याने आणलेला साक्षीदार त्याच्याच विरुद्ध बोलतोय! राहिले ते लाखभर लोक. 1,16,000 हा अख्ख्या प्रदर्शनाला आलेल्यांचा अंदाज आहे, त्या एका चित्रासमोर थांबलेल्यांचा नव्हे.

मोमाची बाजू मी घेणार नाही. स्वतःच्याच कॅटलॉगात चित्र बरोबर छापलेलं असताना भिंतीवर उलटं टांगायचं, याला गलथानपणाच म्हणतात.

कात्रीचा मुद्दा मला सगळ्यात चीड आणतो. 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीसला नीट उभंही राहता येत नव्हतं, हे खरं. पण हात चालत होता : मदतनीस कागद रंगवून देत आणि तो कात्रीने थेट आकार कापत असे. फ्रान्समधल्या व्हान्स गावच्या चॅपेलमधल्या रंगीत काचांचे आराखडेही त्याने असेच केले. 2014 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ही कातरकामं बघायला पाच लाखांहून जास्त लोक आले. नंतर हिवाळ्यात ती मोमात लागली. त्याच हिवाळ्यात, त्याच शहरात, गुगेनहाइम संग्रहालयात आपल्या चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं प्रदर्शन चालू होतं. जन्म नागपूरचा, शिक्षण जेजेचं. दाजी, त्यांनाही कुणीतरी चित्रकलेला घातलंच होतं ना?

सीआयएचं अर्धं खरं आहे. शीतयुद्धात तिने सांस्कृतिक संस्थांना गुपचूप पैसे पुरवले, ते 1960 च्या दशकात उघडही झालं. पण वाद आहे तो त्या पैशाने अमेरिकी अमूर्त चित्रकारांना पुढे आणलं का, याचा. मातीस फ्रेंच. मोमाने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं 1931 मध्ये, आणि सीआयए स्थापन झाली 1947 मध्ये.