हे काय, इथंच तर आहे!

व्हर्सायच्या राजवाड्यामागच्या चौथऱ्यावरून बोट दाखवत चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो समोर कालवा दिसतोय ना, तिथवर जाऊन येऊ. हे काय, इथंच तर आहे!" मलाही पटलं. सारसबागेतल्या गणपतीला एक फेरी मारावी, एवढंच अंतर वाटत होतं.

वीस मिनिटं चाललो, तरी कालवा आपला तिथंच. ही सगळी करामत आंद्रे ल नोत्र या माळीबुवांची. १६६१च्या सुमारास फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने त्यांना कामाला जुंपलं आणि त्यांनी जितकं तळं दूर तितकं मोठं खणलं. वरून बघणाऱ्याला सगळं हाताशी वाटतं. चालणाऱ्याचं काय होतं, ते गुडघ्यांना विचारा.

वाटेत लातोनाचं कारंजं. तहानलेल्या लातोना देवीला गावकऱ्यांनी पाणी पिऊ दिलं नाही, म्हणून ते बेडूक झाले, अशी गोष्ट. आमची पाण्याची बाटली चिरंजीवांच्या पाठपिशवीत आणि चिरंजीव शंभर पावलं पुढे. पोटचा मुलगा बेडूक होताना बघायचीही माझी तयारी झाली होती.

बेडूकही कोरडेच होते. कारंजी ठरावीक दिवशीच उडतात आणि त्या दिवशी बागेला तिकीट असतं; आम्ही अर्थातच फुकटचा वार निवडलेला. पण लुईचीसुद्धा पाण्याची बोंबच होती. सेन नदीचं पाणी चढवायला मार्लीला १४ अजस्र चाकं बसवली, तरी पुरेना. मग महाराज येताना दिसले की नोकर शिट्टी घालायचे, पुढचं कारंजं चालू, मागचं बंद.

"म्हणजे आपला चावीवालाच की!" ही म्हणाली.

कालव्यापाशी पोचलो आणि कळलं, की तो तिथे नुसता सुरू होतो. पुढे दीड किलोमीटरहून जास्त पाणीच पाणी. "टोकापर्यंत जायचं?" चिरंजीवांनी विचारलं. हिने उत्तर न देता काठावर बसकण मारली आणि डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. माझे काळे बूट पायवाटेच्या धुळीने पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झाले होते.

परतीची वाट चढाची. शेजारी छोटी गाडी उभी होती. मी युरोचे रुपये करायला लागलो.

"अहो, गुणाकार बसून करा."

गाडीत चिरंजीव मोबाइलवर वाचून म्हणाले, "आई, गाउटच्या सांधेदुखीने पाय धरल्यावर लुई ही बाग चाकाच्या खुर्चीतून बघायचा. नोकर ढकलायचे."

"मेल्या, हे सकाळी नाही का सांगायचं?"