झाडांवर लाल आकडे पडलेत

आज सकाळी दूध आणायला गेले तर सोलापुरातल्या आमच्या रस्त्यावरच्या कडुलिंबांवर लाल रंगानं आकडे टाकलेले, म्हणजे ही तोडायची झाडं. एक, दोन, तीन करत पार कोपऱ्यापर्यंत. घरी येईस्तोवर कॉलनीच्या ग्रुपवर टाळ्या आणि गुच्छ सुरू झाले होते. "अखेर रस्ता रुंद होणार!" मी तिथं काही लिहिलं नाही, लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. इथं लिहिते. झाड पडताना बघून पोटात कालवणारी माणसं तुम्ही, तुम्हाला पहिल्यापासून समजावत बसायला नको.

माझ्या आत्याचं काय झालं ते काहींना माहीत आहे. पूर्व भागात राहते, मधुमेहाच्या गोळ्या आणायला सिटी बसनं जाते. रिक्षाला पैसे घालवणं तिला पटत नाही आणि परवडतही नाही. तिच्या थांब्यावर मोठा लिंब होता. रस्ता वाढवताना तो गेला आणि स्टीलचा चकचकीत थांबा आला. वरचं छत इतकं अरुंद की दुपार कलली की ऊन सरळ बाकावर. त्या बाकावर एप्रिलमध्ये बसून दाखवा कुणीतरी! माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक ओळीनं उभी राहतात. आत्या त्या ओळीत शेवटची होती, म्हणजे उन्हातच. बस आली नाही आणि ती खाली पडली. ताकाच्या गाडीवाल्यानं तोंडावर पाणी मारलं, एका रिक्षावाल्यानं पैसे न घेता दवाखान्यात पोचवलं. सलाइन चालू असताना मला म्हणते, "अगं, पुढच्या थांब्यावर गेले असते, पण तिथला लिंब बी तोडलाय की."

मला ते वाक्य विसरता येत नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, सोलापूरला ऊन काय नवीन आहे का? नाही नवीन. आपण त्रेचाळीस अंशातच लहानाचे मोठे झालो. पण तेव्हा रात्री गच्चीवर पाणी मारून झोपलं की पहाटे गोधडी लागायची. आता पहाटेसुद्धा भिंती गरम. आधीच पृथ्वी तापतेय, त्यात दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर ती धग सोडत राहतं. भर दुपारी उन्हातलं डांबर साठ अंशांच्या वर जातं. त्याच्या कडेला पन्नाशी-साठीच्या बायका विड्यांची पाटी घेऊन चालतात, कारखान्यातली माणसं सायकल मारत अक्कलकोट रोडला जातात. गाडीची काच वर करून एसी लावणाऱ्याला रस्त्याची रुंदी दिसते. चालणाऱ्याला आधी सावली लागते, मग रस्ता. आपल्या शहरात सावली ही वाहतुकीची सोय आहे, फुटपाथ आणि सिग्नलसारखीच. पण नकाशावर तिच्यासाठी एक रेघसुद्धा नसते.

बरं, सात रस्ता चौकात संध्याकाळी काय होतं ते मीही भोगते. रस्ता वाढायला पाहिजे, मान्य. काँक्रीटला खड्डे कमी पडतात, तेही मान्य. पण झाडाच्या बाजूनं रस्ता वळवता येत नाही, हे मला कुणी सांगू नका.

"एक तोडलं तर दहा लावू" हे तर ऐकवतच नाही आता. २०२१ साली राज्याच्या झाडांच्या कायद्यात बदल झाला. पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज म्हणायचं, आणि जेवढं तोडलेल्या झाडाचं वय तेवढी नवीन लावायची. कागदावर चांगलं आहे. पण ज्या गावात माणसाला नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, तिथं त्या रोपांना एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार? आणि लावणार कुठं, तर गावाबाहेर, जिथं एकही बसथांबा नाही. आत्याच्या लिंबाच्या बदल्यात कुठंतरी साठ रोपं लागली असतीलही. तिच्या डोक्यावर त्यातलं एक पानसुद्धा नाही.

हेच पावसाचं. दुष्काळी जिल्हा म्हणून आपण नाल्यांकडे कधी बघितलंच नाही. अरुंद केले, वर स्लॅब टाकले, कडेला प्लॉट पाडले. हवा तापली की ती बाष्प जास्त धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे हायवे बंद झाला, वडकबाळला विजापूरचा रस्ता बंद झाला. एवढे मोठे चारपदरी रस्ते, आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. पाण्याला जागा ठेवली नाही तर आठपदरी केला तरी तो बंदच पडणार. गावात उड्डाणपुलांची चर्चा कित्येक वर्षं ऐकतोय. होऊ देत की. पण पुलाखाली बसची वाट बघत कोण उभं राहणार, याची चर्चा मी अजून एकदाही ऐकलेली नाही.

अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ वर गेला आणि माणसं मेली, तेव्हा त्या शहरानं २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेला तोंड द्यायचा आराखडा केला. आपल्याला जागं व्हायला किती जणांनी पडावं लागतंय?

लिहिता लिहिता आवाज चढला, पण मागे घेणार नाही. ग्रुपवर टाळ्या देणारी माणसं वाईट नाहीत. त्यातल्याच एका काकांनी कॉलनीतली गुलमोहराची रांग स्वतः बादलीनं पाणी घालून जगवली आहे. त्यांच्या मुलाला रोज ट्रॅफिकमध्ये अडकावं लागतं म्हणून त्यांना रस्ता हवाय, हेही मला कळतं. उद्या त्यांच्याकडे जाऊन बोलणार आहे.

झाडं तोडायची तर आधी जाहीर नोटीस लावावी लागते आणि हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. नोटीस लागली आहे का, कधी लागली, हे सोमवारी सकाळी महापालिकेत जाऊन बघते आणि लेखी हरकत देते. अर्जात तीन गोष्टी मागणार आहे: प्रत्येक झाडाचं वय लिहून द्या, झाडं जागेवर ठेवून रस्त्याचा दुसरा आराखडा दाखवा, आणि जिथं बसथांबा आहे तिथलं एकही झाड तोडू नका. मसुदा रात्री इथंच कमेंटमध्ये टाकते. सही करणाऱ्यांनी नाव आणि पेठ लिहा. आकडे टाकलेल्या झाडांचे फोटो कुणाकडे असतील तर तेही पाठवा, खोडावरचा नंबर दिसेल असे.